तीस फुटांचा तुकडा

हॅम्लिनसाहेब मेले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. खोटे मेले, म्हणजे कॅमेऱ्यासमोर. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर ते उताणे पडले होते, एक हात छातीवर, दुसरा खुर्चीच्या पायाशी, आणि डोळे अर्धवट उघडे. मी सेटच्या कडेला फिल्मचा डबा काखेत धरून उभा होतो. क्षणभर मला वाटलं, कोणीतरी या माणसाला हलवून बघायला पाहिजे.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न सालची, लॉस एंजेलिसमधली. मी मूळ कोल्हापूरचा. वडील तिथल्या स्टुडिओत लाइटमन होते, त्यामुळे शाळा कमी आणि सेट जास्त, असं माझं बालपण गेलं. पुढं शिष्यवृत्ती मिळवून मी संकलन शिकायला अमेरिकेत गेलो आणि शिक्षण संपल्यावर वर्षभर एका लहानशा टेलिव्हिजन कंपनीत मदतनीस संकलक म्हणून राहिलो. इंगवले हे आडनाव तिथं कोणाच्या जिभेवर बसेना. त्यांनी त्याचं 'इंगी' करून टाकलं आणि मीही निमूटपणे इंगी झालो.

लॉइड हॅम्लिन आमचे दिग्दर्शक. वय अठ्ठावन्न, उंच, पांढरेशुभ्र केस. युद्धाच्या आगेमागे त्यांनी अकरा चित्रपट केले होते आणि त्या काळात स्टुडिओच्या फाटकातून त्यांची गाडी आत शिरली की पहारेकरी उठून उभा राहायचा. मग घरोघर टेलिव्हिजन आला, थिएटरं ओस पडली आणि स्टुडिओंनी दिग्दर्शकांना नारळ दिला. हॅम्लिन दोन वर्षं घरी बसले. शेवटी त्यांनी आमच्या कंपनीत घोडे-पिस्तुलांच्या मालिकेचं काम धरलं. अर्ध्या तासाची गोष्ट, तीन दिवसांत उरकायची. कालाय तस्मै नमः. एवढं होऊनही माणूस कडवट झाला नव्हता. स्वस्तातला भागसुद्धा ते जीव ओतून करत.

त्या दिवशी गोष्टीतल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाचा मुडदा दाखवायचा होता आणि ते काम करणारा नट सकाळी पोटदुखीनं दवाखान्यात गेला. चेहरा बाजूनंच दिसणार होता. अंगकाठी सारखी, केस सारखे. हॅम्लिननी त्याचा कोट चढवला आणि स्वतःच आडवे झाले. शॉट पहिल्याच फटक्यात झाला. लोक पुढच्या मांडामांडीला लागले आणि साहेब कोट झटकत उठू लागले, तेव्हा माझ्या जिभेला हाड राहिलं नाही.

मी पुढं होऊन म्हणालो, "आमच्याकडं असं उठत नाहीत."

त्यांनी कसं उठतात ते विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडं मरणाचा सीन झाला की त्या नटाला पुन्हा तसंच निजवतात, कॅमेरा चालू करतात, आणि मग त्यानं उठून कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. तो तुकडा चित्रपटात घालत नाहीत, पण घेतात मात्र नक्की. माझे वडील तर मेलेला माणूस हसल्याशिवाय लाइट विझवायचे नाहीत, मग निर्माता कितीही ओरडो.

"आणि नाही हसला तर काय होतं?"

"माहीत नाही. न हसता कोणी उठलेलंच नाही."

त्यांना मजा वाटली. गंमत म्हणून ते पुन्हा आडवे झाले आणि कॅमेरामनला चालू कर म्हणाले. चारएक सेकंद पडून राहिले, मग कोपरावर रेलून उठले, गुडघा झटकला आणि सरळ भिंगाकडं पाहिलं. हसायला म्हणून त्यांनी ओठ हलवले, पण हसू काही आलं नाही. डोळ्यांत नुसतं आश्चर्य दिसलं, आपण इथं कसे आलो असं वाटल्यासारखं. मग हात करून त्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितलं. माझे वडील असते तर त्यांनी साहेबांना पुन्हा निजवलं असतं. मी पडलो नवखा आणि परदेशात. तोंडाशी आलेला शब्द गिळून मी डबा उचलला आणि चालता झालो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून प्रिंट आली. आमच्या संकलन विभागाच्या प्रमुख मिसेस ड्रिस्कॉल म्हणून साठीच्या बाई होत्या. बोटांना कायम पांढरे सुती हातमोजे, आणि जीभ सुरीसारखी. उठण्याचा तो तुकडा भागाला नको होता. बाईंनी तो कापून माझ्याकडं फेकला. मोजला तर बरोबर तीस फूट, म्हणजे पडद्यावर वीस सेकंद. मी तो गुंडाळून एका छोट्या डब्यात ठेवला.

संध्याकाळी साहेब तो बघायला आले. संकलनाच्या यंत्रावर पोस्टकार्डाएवढी काच असते. पायानं पट्टी दाबली की फिल्म सरकते आणि त्या काचेत चित्र हलतं. दोघांनी खाली वाकून पाहिलं. साहेब पडलेले, मग उठले, गुडघा झटकला, बघत राहिले. उठायला सुरुवात होते त्या चौकटीवर मी सवयीनं पिवळ्या पेन्सिलीनं फुली मारली. सहावा फूट. साहेबांनी मान हलवली आणि गेले.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. मी तुकडा लावला. पिवळी फुली काचेतून सर्रकन गेली आणि साहेब पडलेलेच होते. आणखी दोन सेकंद गेले आणि मग ते उठले.

मला वाटलं, माझीच फुली चुकली असेल. ते गेल्यावर मी फिल्म उजेडावर धरली. फुली होती तिथंच होती, सहाव्या फुटाला, पण त्या चौकटीत उठणारा माणूस नव्हता. छातीवर हात ठेवून पडलेला माणूस होता. उठण्याची सुरुवात नवव्या फुटाला होती. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे एकामागून एक बरोबर लागत होते, मध्ये कुठं जोड नव्हता. लांबी मोजली तर तीस फूट. मी ती नवी चौकट निळ्या पेन्सिलीनं खुणावली.

पुढच्या खेपेला उठणं बाराव्या फुटाला गेलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला सोळाव्या. पडून राहणं वाढत होतं आणि पाठीमागचं उभं राहून बघणं तेवढंच कमी होत होतं. मधल्या दिवसांत मी तो डबा उघडलाच नाही, तर काहीच बदलायचं नाही. तुकडा चालवला, की उठणं पुढं सरकायचं. मी एकदा मिसेस ड्रिस्कॉलना दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हातारा पडलाय आणि मग उठतोय. यात बघण्यासारखं काय आहे?" कापताना त्यांनी तो निरखून पाहिला नव्हता, त्यांना काय दिसणार? त्यांना दाखवण्याच्या खटपटीत आणखी दोन फूट मात्र गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबांना कळलंय की नाही, हे मला कळेना. ते दर दोन-तीन दिवसांनी यायचे, टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे आणि "लाव" म्हणायचे. मी चालढकल करून पाहिली, यंत्र बिघडलंय म्हणून पाहिलं. ते शेजारच्या खोलीतलं यंत्र मोकळं आहे म्हणून दाखवायचे. एका दुपारी उठणं तेविसाव्या फुटाला होतं. तुकडा संपून काच पांढरी झाली तरी ते उठले नाहीत.

"तूही मोजतोयस," ते म्हणाले. फिल्मवरच्या रंगीत फुल्यांकडं त्यांनी बोट केलं. "मी मनात आकडे मोजतो. पहिल्या दिवशी चार झाले होते. आज पंधरा."

मी म्हटलं, मग बघू नका ना. बघितलं की वाढतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

"आलंय," ते म्हणाले. "पण घरी गेलो की वाटतं, आता तरी उठलो असेन का? जेवताना वाटतं, झोपताना वाटतं. मग बघावं लागतं."

दुखऱ्या दातावर जीभ जाते, तसं त्यांचं झालं होतं. मला त्यांचा रागही आला आणि पोटात तुटलंही, कारण हे सगळं माझ्या आगाऊपणातून निघालं होतं. मी तसं म्हणालोही. त्यांनी ते झटकून टाकलं आणि दुसरंच सांगायला लागले. एक चित्रपट मिळतोय, खराखुरा, थिएटरसाठीचा. सात वर्षांनी. पटकथा त्यांची स्वतःची होती आणि पुढच्या शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या. दोन आठवड्यांनी शूटिंग, तिथून पुढं चाळीस दिवसांचं काम.

"मला तेवढेच दिवस हवेत, इंगी," ते म्हणाले. "एक चित्रपट. नंतर तो म्हातारा हवा तेवढा पडून राहू दे."

एवढं बोलून निघाले, आणि बुधवारी परत आले. मी हात जोडले, आपल्याकडं जोडतात तसे. त्यांनी स्वतःच डबा काढला आणि स्वतःच फिल्म ओवली. अकरा चित्रपट केलेला माणूस, त्याला यंत्र काय नवं होतं? काचेत ते पडलेले होते. पंचवीस फूट, सत्तावीस, अठ्ठावीस. शेवटच्या फुटात छातीवरच्या हाताची दोन बोटं हलली, आणि फिल्म संपली.

बाहेर लख्ख ऊन होतं, अंगणात कोणी मोटार धूत होतं, त्याचं पाणी फरशीवर पडल्याचा आवाज येत होता. साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला होता. टोपी घालायला त्यांना दोन वेळा प्रयत्न करावा लागला.

आता एकच खेप उरली होती. फिल्म फेकावी तर कचऱ्यातून कोणी उचलून बघेल, जाळावी तर जळताना काय होईल, कापावी तर सुरी कुठं लागेल, असल्या विचारांनी मला अन्न गोड लागेना. शेवटी मी तो डबा माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या कागदांखाली दडपला आणि खणाला कुलूप घातलं.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. निळा सूट, नवा टाय, दाढी घोटलेली. सह्या करायला निघाले होते. दारातूनच म्हणाले, "फक्त एकदा. सही करण्याआधी."

"तुकडा नाही," मी म्हणालो. "काल टाकून दिला. सगळ्या कात्रणांबरोबर गाडीत गेला. आत्तापर्यंत भट्टीत पोचला असेल."

आयुष्यात इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो. ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर खण उघडायला लावतील. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पहिल्यांदा मला ते रडताहेत असं वाटलं. पण ते हसत होते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. महिन्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर जे हसू आलं नव्हतं ते त्या दिवशी आलं, आणि कॅमेरा नव्हता. मला ओझं उतरल्यासारखं वाटलं. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि जिना एखाद्या पोरासारखा दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले.

पुढचे दोन आठवडे ते आमच्याकडं फिरकले नाहीत. त्यांच्याबद्दल कानावर यायचं ते चांगलंच यायचं. साहेब खूश आहेत, नट निवडताहेत, डोंगरापलीकडच्या कोरड्या खोऱ्यात जागा पाहून आले, वजन वाढलंय. मी खणाकडं बघायचंही टाळत होतो. सोमवारी त्यांचं शूटिंग सुरू व्हायचं होतं.

त्याच सोमवारी मिसेस ड्रिस्कॉलनी मला खोली रिकामी करायला सांगितली. मालिकेचं काम संपलं होतं, भिंतींना रंग लागायचा होता. सगळे डबे गोदामात जाणार. त्यांचा नियम असा होता की डोळ्यांनी पाहिलं नाही ते डब्यावर लिहायचं नाही. प्रत्येक डबा उघडायचा, फिल्म यंत्रातून शेवटपर्यंत चालवायची, आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि मग झाकण चिकटपट्टीनं बंद करायचं. आमच्या धंद्यात हे हाताला इतकं बसलेलं असतं की माणूस झोपेतही करील. फिल्म घेऊन फाटकाबाहेर जाता येत नव्हतं, तिथं पिशव्या तपासत. म्हणून मी ठरवलं, तो तुकडाही चाळीस डब्यांमध्ये एक डबा म्हणून गोदामात जाऊ द्यावा. वर लिहायचं, 'निरुपयोगी'. मग जन्मात कोणी उघडणार नाही.

दुपारपासून मी ते काम करत होतो. उघड, ओव, चालव, लिही, चिकटव. चारच्या सुमारास खणातला डबा घेतला. उघडला. ओवला. पट्टीवर पाय दिला.

सवयीनं झालं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. एकोणचाळीस डबे तसेच केले होते, चाळिसावाही हातानं केला, मी नाही. आता मी साहेबांपेक्षा म्हातारा झालोय आणि खोटं बोलायला काही निमित्त उरलेलं नाही. खणाचं कुलूप काढताना मला तो डबा कोणता आहे ते पक्कं माहीत होतं. फिल्म ओवायला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात थांबता आलं असतं. मला बघायचं होतं. दुसऱ्याला नको म्हणून सांगितलं आणि स्वतः बघितलं, एवढी साधी गोष्ट आहे.

काचेत साहेब पडले होते. पिवळी फुली गेली, निळी गेली, लाल, हिरवी. अठ्ठाविसावा फूट गेला. मी त्या दोन बोटांवर डोळे लावले. एकोणतीस. बोटं हलली नाहीत. फिल्मचं शेपूट यंत्रातून सुटून फटफट करत राहिलं, काच पांढरी झाली, आणि तरी माझा पाय पट्टीवरून निघेना. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सकाळी मिसेस ड्रिस्कॉलनी बातमी सांगितली तेव्हा त्यांच्या हातांत हातमोजे नव्हते. ते हात मी पहिल्यांदाच पाहिले.

खोऱ्यातलं काम छान चाललं होतं म्हणे. दुपारी एका तरुण नटाला गोळी लागून पडायचं होतं आणि त्याला ते जमेना. साहेब म्हणाले, मी दाखवतो. त्यांनी टोपी कोणाच्या तरी हातात दिली, छातीवर हात ठेवला, झोकांडी खाल्ली आणि धुळीत उताणे पडले. इतकं हुबेहूब की दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे थांबले. दिग्दर्शक काही दाखवत असला की तो उठून बोलेपर्यंत सेटवर कोणी हलत नाही, ही तिथली रीत. चाळीसएक माणसं उन्हात गप्प उभी राहिली. मिनिटभर तरी गेलं असेल. मग तो तरुण नट पुढं झाला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. तेव्हा चार वाजून गेले होते, एवढं तिथल्या माणसांना आठवत होतं.

गुरुवारी दफन झालं. नंतर लोक त्यांच्या घरी जमले. मी एका कोपऱ्यात, ताटली हातात धरून, काही न खाता उभा होतो. साहेबांची बायको कोरा, बारीक चणीची, काळ्या पोशाखातली बाई, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली आणि तिनं विचारलं, इंगी तूच का? मी मान हलवली.

त्या तुकड्याबद्दल लॉइडनं मला सगळं सांगितलं होतं, असं ती म्हणाली. महिनाभर तो झोपला नव्हता, अंधारात बसून आकडे मोजायचा. तिला वाटायला लागलं होतं की याला वेड लागणार. मग त्या शुक्रवारी दुपारी तो घरी आला, स्वयंपाकघरातच तिला धरून नाचला, आणि पोरानं ती पीडा टाकून दिली म्हणून सांगत सुटला. त्यानंतर रोज रात्री तो गाढ झोपला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण त्याला इतकं हसताना तिनं त्याच पंधरा दिवसांत पाहिलं.

"डॉक्टर म्हणतात, हृदय आधीपासूनच कमजोर होतं," ती म्हणाली. मग तिनं आवाज खाली केला. "तू ते खरंच टाकलं होतंस ना?"

"हो," मी म्हणालो. "टाकलं होतं."

तिनं माझ्या हातातली ताटली काढून बाजूला ठेवली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "ते पंधरा दिवस तू दिलेस आम्हाला," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिनं माझे हात सोडले नाहीत. मलाही ते काढून घेता आले नाहीत.